दुपारचे जेवण स्वखर्चाने

परदेश सहलीच्या दरपत्रकातली सर्वांत महाग ओळ सर्वांत शेवटी आणि सर्वांत बारीक टाइपात असते : ‘दुपारचे जेवण स्वखर्चाने.’ नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका छोट्या सहल कार्यालयात एकोणीस वर्षे मी ही ओळ लिहीत होते. त्याआधी अकरा वर्षे एका दैनिकात उपसंपादक होते. अडचणीची माहिती बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात ठेवायची, जागा कमी पडली की तो आपोआप कापला जातो, हे तिथे शिकले. नव्या नोकरीत ते शिक्षण वाया गेले नाही.

खासगी सहल म्हणजे एक कुटुंब, एक गाडी, एक चालक आणि बरोबर आमच्यापैकी एक जण. सकाळचा नाश्ता हॉटेलात, रात्रीचे जेवण ठरलेल्या भारतीय खानावळीत. या दोन्हींचे पैसे पॅकेजमध्ये आधीच भरलेले असतात. दुपारी एक वाजता मंडळी कोणत्या चौकात असतील हे सांगता येत नाही, म्हणून दुपारचे जेवण मोकळे ठेवतो, असे आम्ही सांगत असू. हे कारण खोटे नाही. पण खरे कारण वेगळे. दोन माणसांची आठ दुपारची जेवणे धरली की दरपत्रकाची बेरीज तीस-चाळीस हजारांनी वाढते, आणि ग्राहक शेजारच्या कार्यालयाशी फक्त तळाचा आकडा ताडून पाहतो. तेव्हा जेवण बेरजेतून काढायचे आणि कोणी विचारलेच तर म्हणायचे, ‘अंदाजे पंधरा युरो धरा, प्रत्येकी.’

इटलीत पंधरा युरोत दुपारचे जेवण मिळते. ते उभ्याने खायचे, पावाच्या आत जे असेल त्यावर भागवायचे आणि पाणी हॉटेलातून भरून आणायचे. नाशिकचा माणूस लग्नाचा बुफे सोडला तर दुपारी उभ्याने जेवत नाही. तो बसतो. बसला की खुर्चीचे दोन-तीन युरो माणशी लागतात, पाणी विकतचे येते, आणि न मागता आलेली पावाची टोपली आपण आनंदाने संपवतो. बिल आले की सगळे आमच्याकडे पाहतात.

पंचवटीतले एक फुलांचे व्यापारी सहा जणांच्या कुटुंबाला घेऊन रोममध्ये एका उपाहारगृहासमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, “मॅडम, त्याला म्हणावं, सहा ताटं हायेत, मिळून लावून सांग.” वेटरने कार्डावर बोट ठेवले. व्यापारी वळले आणि सावकाश चालू लागले. मार्केटात असे दहा पावले गेले की मागून हाक येते. दहाची तीस झाली, गल्ली संपली, हाक आली नाही. पाच वाजेपर्यंत कुटुंब उपाशी होते. “हे लोक धंदा करायला बसलेत का नाय?” एवढाच त्यांचा प्रश्न होता. दुसरे एक निवृत्त अधिकारी प्रत्येक पदार्थाचे रुपये करून घासांनी भागत. बायकोने काटा उचलला की ते जाहीर करत, “हा एकशे दहाचा.” तिसऱ्या दिवशी बाई दुसऱ्या टेबलावर बसू लागल्या.

हे किस्से मी कार्यालयात हसून सांगत असे. पुढचा कधी सांगितला नाही.

घोटीचे रामनाथ अण्णा एसटीतून निवृत्त झालेले. आधी वाहक, शेवटची काही वर्षे वाहतूक नियंत्रक. त्यांच्या मुलीचे, मयूरीचे, वणीच्या बाळासाहेबांच्या मुलाशी लग्न होऊन दीड वर्ष झाले होते. बाळासाहेबांची द्राक्षे परदेशी जातात. मुलगा-सून पुण्याला नोकरी करतात. दोन्हीकडच्या आई-वडिलांची नीट ओळख व्हावी म्हणून चौघांना एकत्र इटलीला पाठवायचे, ही कल्पना मयूरीची. अण्णांनी आपल्या दोघांचे पैसे निवृत्तीच्या रकमेतून भरले, त्यात कोणाला हात लावू दिला नाही. दरपत्रक त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. असे करणारे ते माझे पहिलेच ग्राहक.

“जेवणाचे किती धरू, ताई?”

“पंधरा युरो धरा. प्रत्येकी.”

त्यांनी दरपत्रकाच्या मागच्या बाजूला गणित केले. दोन माणसे, आठ दुपारी, दोनशे चाळीस. निघताना त्यांच्याकडे दोन पाकिटे होती. एकात जेवणाचे अडीचशे युरो, दुसऱ्यात भेटवस्तूंचे दोनशे : मयूरी, जावई, वणीचे घर आणि त्या घरातली जी जी मंडळी मानाची, त्यांच्यासाठी.

सोमवारी रोममध्ये पहिले जेवण. मी आणि चालक फाबियो बाहेर जायला निघालो. आम्हा दोघांना जेवणाचा वेगळा भत्ता असतो, ग्राहकांबरोबर बसायचे नसते. अण्णांनी थांबवले. “गाडीवाल्याला बाहेर ठेवून आपण जेवायचं? आन् ताई, तुम्ही काय समोर उभं राहून बघणार?” आम्ही बसलो. बाळासाहेबांनी ऐसपैस मागवले. बिल आले तेव्हा त्यांनी हात लांब केला. “ए, इकडं दे!” तोवर अण्णांच्या नोटा वेटरच्या हातात होत्या. एकशे अठरा युरो.

“अण्णा, हे काय बरोबर नाय.”

“तीस वर्षं चालत्या गाडीत सुट्टे दिलेत, बाळासाहेब. बसल्या जागेवर द्यायला काय अवघड?”

दोघे हसले. आज तुम्ही, उद्या आम्ही असे ठरले. जगातल्या कोणत्याही वेटरला हा प्रकार ठाऊक नाही, नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येकाला आहे.

मंगळवारी बाळासाहेबांचा नंबर. अण्णांनी खुर्ची मागे सरकवली. “माझा मंगळवार हाय. तुम्ही बसा. मी जरा चौक बघतो.”

“उपास? इथं?”

“वार काय बदलत नाय इथं.”

सुमनताई, म्हणजे अण्णांच्या पत्नी, त्यांच्या पाठोपाठ उठल्या. “ह्यांचा असला की मला एकटीला घास जात नाय.” दोघांनी बाहेर कारंज्याच्या कठड्यावर बसून केळी खाल्ली. ती नाश्त्याच्या वेळी पर्समध्ये ठेवलेली होती. संध्याकाळी भारतीय खानावळीत दोघे व्यवस्थित जेवले. उपास संध्याकाळी सुटतो, त्यामुळे मला काही वाटले नाही. बुधवारी फ्लॉरेन्सच्या वाटेवर अण्णांचा नंबर होता. ते स्वतः जेवले, सगळ्यांना आग्रह करून वाढले, शेवटी गोडही सांगितले. एकशे सव्वीस युरो. त्यातही फाबियोचे आणि माझे ताट होते. गुरुवारी पुन्हा बाळासाहेबांचा नंबर, आणि अण्णांचा गुरुवार.

बाळासाहेबांच्या पत्नी मंदाताई मला म्हणाल्या, “लय देवाचं करतात हो आमचे व्याही.” मीही मान डोलावली. मंगळवार आणि गुरुवार दोन्ही उपासाचे वार. शंका घ्यावी असे त्यात काही नव्हते. उपसंपादकाच्या नोकरीत असतानाही चुका अशाच निसटत : प्रत्येक वाक्य बरोबर असते, बातमी चुकलेली असते.

त्या गुरुवारी जेवणानंतर शहर वरून दिसते त्या टेकडीच्या पायऱ्या चढायच्या होत्या. निम्म्या वाटेवर अण्णा कठड्याला धरून थांबले. कपाळावर घाम, हात थरथरत होते. सुमनताईंनी त्यांना पायरीवर बसवले. “साखर उतरली ह्यांची.” माझ्या पर्समध्ये कॉफीबरोबर मिळणाऱ्या साखरेच्या पुड्या होत्या. चार पुड्या त्यांच्या तोंडात रिकाम्या केल्या. बाळासाहेब आणि मंदाताई वर पोचले होते, त्यांना काही दिसले नाही.

दहा मिनिटांनी रंग परतला. मी जरा चिडून म्हणाले, “अण्णा, उपास होता तर सकाळी मधुमेहाची गोळी कशाला घेतलीत?”

“गोळी घोटीवरून आणलेली हाय,” अण्णा म्हणाले.

याचा अर्थ मला लागला नाही. अण्णा पाणी प्यायला नळाकडे गेले तेव्हा सुमनताईंनी सांगितला.

“ताई, उपास कसला. आमच्यात लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या सासरचं अन्न घेत नाय. वणीला गेलो तरी पाणी पिऊन येतो. मयूरी हसते. म्हणते, आता कोण पाळतं? हे पाळतात. गोळी आपल्या घरची, ती चालती. बाळासाहेबांच्या पैशाचं ताट म्हणजे लेकीच्या सासरचंच ना?”

“आणि तुम्ही?”

“मला भूक लागती. पण ह्यांना सोडून कुठं खाऊ?” त्यांनी एकदा नळाकडे पाहिले. “आन् उद्या ह्यांचा नंबर हाय. जेवणाच्या पाकिटात सहा युरो राहिलेत.”

हिशोब मी मनात पुन्हा केला. अण्णा एक दिवस उपाशी राहत होते आणि दुसऱ्या दिवशी सहा जणांना जेवू घालत होते. त्या सहांत मी होते. पंधराचा आकडाही माझाच होता.

संध्याकाळी खानावळीच्या दारात बाळासाहेबांना सहज विचारल्यासारखे विचारले, “दुपारी इतकं मागवता, निम्मं उरतं.”

ते जवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, “मॅडम, माझ्या दिवशी मी कमीच सांगतो. अण्णांच्या दिवशी जास्त. मुद्दाम. त्यांच्या दिवशी हात आखडता घेतला तर त्यांना काय वाटंल? व्याही आपल्याला गरीब समजतो. इज्जत ठेवावी लागती.”

अण्णा गोड का सांगत होते हेही मग समजले. व्याह्यांना आपण कंजूष वाटू नये म्हणून. दोन सभ्य माणसे एकमेकांचा मान राखत एकाला उपाशी मारत होती आणि बातमी दोन्ही बाजूंनी फक्त माझ्याकडे होती. ती मी कोणालाच दिली नाही. अण्णांचा उपास खोटा आहे हे बाळासाहेबांना सांगणे म्हणजे अण्णांची अब्रू त्यांच्या हातात देणे. बाळासाहेब मनाने चांगले, त्यांनी लगेच सगळे पैसे भरले असते. म्हणजे अण्णा पुढचे सगळे दिवस केळ्यांवर राहिले असते, आणि मयूरीला घरी दोन्हीकडून वेगवेगळी हकिकत ऐकायला मिळाली असती.

शुक्रवारी मी धंद्यातली जुनी युक्ती वापरली. पिसाचा मनोरा बघायचा होता. फाबियोला लांबचा रस्ता घ्यायला सांगितला आणि मनोऱ्यापाशी फोटोंसाठी हवा तेवढा वेळ दिला. तिकडे दुपारी अडीचच्या सुमारास स्वयंपाकघरे बंद होतात, ती थेट संध्याकाळी उघडतात. आम्ही उपाहारगृहापाशी पावणेतीनला पोचलो. सगळ्यांनी एका बेकरीसमोर उभे राहून पाव खाल्ला. ज्याने त्याने आपला घेतला, कारण काउंटरवर आधी पैसे देऊन मगच माल मिळत होता. अण्णांचे पाच युरो गेले.

बाळासाहेब चिडले. “काय नियोजन हाय का नाय, मॅडम? एवढे पैसे भरून माणूस उभ्यानं पाव खातोय.” मी माफी मागितली. परत गाडीत बसताना बरे वाटत होते. उद्या शनिवार, बाळासाहेबांचा नंबर, आणि शनिवार हा उपासाचा आणखी एक मान्यताप्राप्त वार. साखरेच्या पुड्या जास्त घ्यायच्या, असे ठरवले. मी किती खालच्या पातळीवर समाधानी होते, हे आज लिहिताना जाणवते.

अण्णा नियंत्रक होते हे मात्र मी विसरले होते. शनिवारी सकाळी नाश्त्याला ते सर्वांसमोर म्हणाले, “काल जेवण झालं नाय, म्हणजे माझा नंबर तसाच राहिला. फेरी रद्द झाली म्हणून पाळी चुकत नाय. आज माझा.”

सुमनताईंच्या हातातला चमचा थांबला. बाळासाहेब म्हणाले, “असं कुठं असतंय? आज शनिवार, आज माझा.”

“शनिवारचा काय संबंध? नंबर नंबरानं जातो.”

वेरोनापर्यंत हाच विषय. पुढे बसून मी आरशात पाहत होते. मागच्या बाकावर दोघी विहिणी एकमेकींकडे झुकून बोलत होत्या. सुमनताईंनी काय सांगितले ते ऐकू आले नाही. मंदाताईंनी एकदा कपाळाला हात लावला एवढे दिसले.

वेरोनात मोठ्या चौकातल्या बागेत झाडाखाली बाक होते, समोर उपाहारगृहांची रांग. एक वाजला होता. व्याही बाकापाशी उभे राहून वाद घालत होते. अण्णांचा हात खिशात होता. कोणते पाकीट बाहेर येणार, भेटवस्तूंचे की रिकामे, हे मला कळत नव्हते. बहुतेक त्यांनाही.

मंदाताई पुढे झाल्या. “तुमचं ठरलं का दोघांचं?”

“ठरतंय,” बाळासाहेब म्हणाले.

“ठरवा निवांत. आम्ही दोघी जेवायला चाललो. चला, विहीणबाई.”

“अगं, पण पैसे…”

“माझे माझ्याकडं हायेत, त्यांचे त्यांच्याकडं. निम्मं निम्मं. पहिल्या दिवशीच ठरलं असतं, पण आम्हाला विचारलं कुणी?”

सुमनताई अण्णांकडे न बघता म्हणाल्या, “ते दुसरं पाकीट माझ्याकडं द्या.”

“ते भेटवस्तूंचं हाय.”

“ठाऊक हाय. कुणाच्या चुलतसासूची पर्स राहिली तर राहिली. तीन दिवसांनी मी आज दुपारचं पोटभर जेवणार.”

अण्णांनी पाकीट दिले. दोघी रस्ता ओलांडून आत गेल्या आणि काचेशेजारच्या टेबलावर बसल्या, बाकावरून नीट दिसतील अशा.

व्याह्यांना आत जाता येईना. गेले तर पैसे कोणाचे, हा प्रश्न सुटला नव्हता. अण्णांना बाकावर सोडून एकट्याने जाणे बाळासाहेबांच्या घराण्यात बसत नव्हते. दोघे बाकाच्या दोन टोकांना बसले. काचेपलीकडे काहीतरी वाफाळते आले. मंदाताईंनी हसून पाण्याचा ग्लास उचलला.

“काय मागवलं असंल?” बाळासाहेब म्हणाले.

“पिझ्झा दिसतोय.”

“दोन हायेत का?”

“दोन.”

काचेपलीकडे दोघींनी खायला सुरुवात केली. मग बाळासाहेब समोर बघतच म्हणाले, “अण्णा, मंगळवार, गुरुवार घरीपण करता का?”

अण्णांनी खिशात हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला. बाळासाहेबांनी पुन्हा विचारले नाही. मंदाताई त्यांच्याशी गाडीत काही बोलल्या नव्हत्या, हे मला ठाऊक आहे. द्राक्षाचा घड वजनकाट्यावर न ठेवता तोलणारा माणूस, त्याचे त्यालाच उमगले असावे.

“माझ्या आईनंपण मरेपर्यंत पाळलं,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “बहिणीला चार लेकरं झाली तरी. मला राग यायचा.”

“मला पण येतो,” अण्णा म्हणाले. “भूक लागली की येतो.”

दोघी सव्वादोनला बाहेर आल्या. मंदाताईंच्या हातात पुठ्ठ्याचा खोका होता. एक पिझ्झा त्यांनी संपवला होता, दुसऱ्याचे तीन तुकडे खाल्ले, पाच उरले होते. तिकडे एका टेबलाची वेगळी बिले करायला कोणी राजी नसते. मी एकोणीस वर्षांत तीनदा करून घेऊ शकले. या दोघींनी मराठीतून करून घेतली होती आणि दोन्ही पावत्या हातात होत्या.

मंदाताईंनी खोका बाकाच्या मधोमध ठेवून उघडला. “यातला निम्मा सुमनताईंचा, निम्मा माझा. ह्या पावत्या. कुणी कुणाचं खात नाय.”

अण्णांनी पावत्या घेतल्या, दोन्हींचे आकडे पाहिले, परत दिल्या. मग सुमनताईंना विचारले, “आपला कुठला?”

“तुमच्याकडचे दोन.”

अण्णांनी आपल्या बाजूचा तुकडा उचलला. बाळासाहेबांनी त्यांच्या बाजूचा. दोघे समोर बघत, भराभर जेवले. उपाहारगृहांचे दरवाजे बंद व्हायला लागले होते. दोन-दोन तुकडे संपले आणि खोक्यात मधला एक राहिला.

“घ्या,” बाळासाहेब म्हणाले.

“तुम्ही घ्या.”

“अण्णा, घ्या हो.”

तो तुकडा कोणाच्या पावतीतला, हे पावत्यांवरून ठरवणे शक्य नव्हते. सुमनताई काहीतरी सुचवायला पुढे झाल्या. मंदाताईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवून त्यांना थांबवले. अण्णा तुकड्याकडे पाहत राहिले. मी पुढचे ठिकाण, पार्किंगची वेळ, सगळे विसरून उभी होते.

मग त्यांनी तो उचलला, हाताने मधोमध तोडला, मोठा भाग बाळासाहेबांना दिला आणि लहान स्वतः तोंडात घातला. शेवटपर्यंत चावून खाल्ला.

“कसा लागला?” सुमनताईंनी विचारले.

“गार झालाय,” अण्णा म्हणाले, आणि खोका टाकायला कचरापेटी शोधू लागले.